रात्रीचा एडीएफ आणि फसवा काटा: जुन्या रेडिओ दिशादर्शन यंत्रणा सिम्युलेटरमध्ये खऱ्या कशा वाटाव्यात?

डाकोटा_४९ (कोथरूड, पुणे)

सर्व जाणकारांना नमस्कार. फ्लाइटगिअर या उड्डाणाच्या सिम्युलेटरसाठी मी गेली दोन वर्षे एक डाकोटा विमान तयार करत आहे. १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने रात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि मग प्रत्येक विमान आपल्या शहराकडे परत निघे. मुंबई–नागपूर हा सुमारे ३७० सागरी मैलांचा टप्पा त्या काळच्या साधनांनिशी, अंधारात, नकाशा मांडीवर घेऊन उडवता यावा, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

इंजिने आणि इंधनव्यवस्था माझ्या समाधानापुरती जमली आहे. अडले आहे ते एडीएफवर, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे आपोआप काटा वळवणाऱ्या यंत्रावर. सिम्युलेटरच्या दिशादर्शनाच्या फाइलमध्ये प्रत्येक एनडीबीसाठी, म्हणजे सर्व दिशांना सिग्नल देणाऱ्या रेडिओ बीकनसाठी, एक ओळ असते आणि तीत अक्षांश, रेखांश, फ्रिक्वेन्सी, ओळखचिन्ह यांच्याबरोबर पल्ल्याचा एक आकडा असतो. विमान त्या पल्ल्याच्या आत आले की माझा काटा बीकनकडे वळतो आणि तिथेच खिळून राहतो. दिवस असो, मध्यरात्र असो किंवा समोर वळवाचे ढग उभे असोत, त्याला कशाचेच सोयरसुतक नसते. असा काटा असेल तर जीपीएस काढून टाकण्याला काही अर्थच उरत नाही.

म्हणून मी सूर्यास्तानंतर काट्याच्या बेअरिंगमध्ये (दिशेच्या कोनात) अधिक-उणे १० अंशांपर्यंतचा एक यादृच्छिक आकडा मिळवून पाहिला. परिणाम असा झाला की काटा सतत थरथरू लागला. माझ्या एका मित्राने तासभर उडवून पाहिल्यावर जे सांगितले ते मला मनोमन पटले: "हा काटा बिघडलेला वाटतो. फसवा वाटत नाही."

तर माझा प्रश्न असा, की खरा एडीएफ रात्री नेमका कसा चुकत असे आणि ती चूक गणितात कशी बसवावी? तसेच पुढे याच कोडमध्ये चार मार्गांची रेडिओ रेंज, डेक्का, ओमेगा या यंत्रणाही बसवाव्यात असा विचार आहे. तो योग्य आहे का?


जुनारेडिओ (सहकारनगर, पुणे)

आपला धागा वाचून फार आनंद झाला. विमानांच्या रेडिओ उपकरणांची देखभाल हे माझे आयुष्यभराचे काम होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या मित्राचे निरीक्षण अचूक आहे. आपण चूक थेट काट्यावर लादली आहे आणि तिथेच घोटाळा झाला आहे. काटा स्वतः कधीच चुकत नसतो. लूप अँटेनापर्यंत, म्हणजे तारेच्या फिरत्या वेटोळ्यापर्यंत, जे पोहोचते, त्याचे तो प्रामाणिकपणे उत्तर देतो. तेव्हा सिग्नल तयार करा आणि काट्याला त्या सिग्नलच्या मागे जाऊ द्या.

दिवसा लूपपर्यंत मुख्यतः जमिनीलगत येणारी लहर पोहोचते. तिचे ध्रुवण उभे असते, म्हणजे तिचे विद्युत क्षेत्र उभ्या दिशेत डोलते, आणि लूपचा शून्य बिंदू, म्हणजे सिग्नल मावळण्याची जागा, तिच्यावर अगदी स्पष्ट लागतो. रात्री आयनांबराचा सर्वांत खालचा डी थर विरतो, त्याच्यात एरवी शोषली जाणारी लहर वरच्या थरावरून परत येते, आणि त्या परतलेल्या लहरीत आडव्या ध्रुवणाचाही भाग असतो. हा आडवा भाग लूपच्या आडव्या तारांमध्ये विद्युत दाब निर्माण करतो, त्यामुळे जिथे शून्य मिळायला हवे तिथे ते मिळत नाही आणि सर्व्हो मोटर लूपला दुसऱ्याच जागी नेऊन स्थिर करते. चुकीचा कोन ढोबळमानाने या आडव्या भागाच्या उभ्या भागाशी असलेल्या गुणोत्तरावरून ठरतो. आडवा भाग उभ्याच्या एक दशांश असेल तर चूक सुमारे ६ अंश येते, निम्मा असेल तर सुमारे २७ अंश. बीकनजवळ जमिनीवरची लहर इतकी बलवान असते की रात्रीही काटा नीट वागतो. ६०-७० सागरी मैलांपलीकडे मात्र परतलेल्या लहरीचा जोर जाणवू लागतो. आपल्या टप्प्याच्या मध्यावर, म्हणजे दोन्ही टोकांपासून १८५ मैलांवर, जवळजवळ सगळा कारभार तिच्याच हाती असेल. दख्खनच्या कोरड्या खडकाळ जमिनीची विद्युतवाहकता समुद्राच्या पाण्याच्या मानाने अत्यंत कमी असल्यामुळे जमिनीवरची लहर आपल्याकडे लवकर क्षीण होते, हेही हिशेबात धरा.

आता थरथरीविषयी. ३०० किलोहर्ट्झला तरंगलांबी १ किलोमीटर असते. आयनांबराचा थर वर-खाली सरकतो, पण एवढ्या लांबीच्या लहरीची फेज (चक्रातील तिची अवस्था) बदलायला त्याला वेळ लागतो. म्हणून काटा थरथरत नाही, तो भटकतो. तो अर्धा-एक मिनिट एका बाजूला सावकाश झुकतो, तिथे इतका शांत बसतो की हेच खरे बेअरिंग असे वाटावे, आणि नंतर दुसरीकडे निघून जातो. फसवेपणा आहे तो या शांतपणात. तेव्हा प्रत्येक फ्रेमला नवा आकडा काढू नका. संथपणे भटकणारे दोन आकडे ठेवा, एक परतलेल्या लहरीच्या उभ्या भागासाठी आणि एक आडव्या भागासाठी. दोघांचा कालांक, म्हणजे बदलायला लागणारा वेळ, काही दहा सेकंदांचा असू द्या आणि दोघांतून काट्याचा कोन काढा.

सूर्यास्ताला एका क्षणात कळ दाबल्यासारखा बदल करू नये. डी थर सुमारे ७० किलोमीटर उंचीवर असतो, आणि तेवढ्या उंचीवर सूर्य आपल्या क्षितिजाखाली साडेआठ अंश जाईपर्यंत ऊन पडलेले असते. पुण्याच्या अक्षांशावर याचा अर्थ सूर्यास्तानंतर सुमारे ३५ मिनिटे. सूर्य मावळतीला आल्यापासून या वेळेपर्यंत परतणाऱ्या लहरीचे बळ क्रमाक्रमाने वाढवत न्या. ही संधिकालाची वेळ आणि पहाटेची वेळ सर्वांत अस्थिर असते.

वळवाच्या ढगांविषयी आपण लिहिलेच आहे. वीज कडाडली की काटा त्या ढगाकडे झेप घेतो आणि परत येतो. हेडफोनमध्ये खरखर त्याच क्षणी ऐकू यायला हवी. याशिवाय विमानाच्या धातूच्या सांगाड्यामुळे येणारी चूक असते. ती नाकाच्या संदर्भात ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांजवळ सर्वाधिक असते आणि यंत्रातच तिची बरीचशी भरपाई केलेली असते, त्यामुळे थोडीच शिल्लक ठेवावी. वळणात विमान कलले की काटा खाली गेलेल्या पंखाकडे ओढला जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुन्या एडीएफला सिग्नल गेल्याची सूचना देणारी पताका नसे. सिग्नल गेला तरी काटा कुठेतरी दाखवतच राहतो, म्हणूनच ओळखचिन्हाचा मोर्स कानाने सतत ऐकावा लागे.

डाकोटात एएन/एआरएन-७ हा एडीएफ संच बसवणार असाल तर त्याचे सगळे पट्टे आणि मुख्य स्विचच्या सगळ्या जागा कामाच्या ठेवा. १०० ते १७५० किलोहर्ट्झ चार पट्ट्यांत विभागलेले, आणि स्विचवर कॉम्प (काटा आपोआप फिरतो), अँट (साध्या अँटेनावर फक्त ऐकणे), लूप (लूप हाताने फिरवणे) अशा जागा. स्टेशन शोधायचे ते अँटवर, मूठ फिरवत, मीटर सर्वाधिक चढेपर्यंत. काट्यावर विश्वास उरला नाही की लूपवर जायचे, हाताने लूप फिरवायचा आणि आवाज मावळेल ती जागा कानाने पकडायची. अशी जागा एकमेकींच्या विरुद्ध दिशांना दोन ठिकाणी मिळते, त्यांतली खरी कोणती हे वैमानिकानेच ठरवायचे. पावसाच्या थेंबांमुळे किंवा धुळीमुळे विमानावर स्थिर विद्युत साचून बाकी सगळे ऐकू येईनासे होते, तेव्हा आवरण घातलेला हा लूपच उपयोगी पडतो.

एक प्रयोग सुचवतो. जुन्या बाजारात मिडियम वेव्हचा एखादा चालू ट्रान्झिस्टर अजून मिळतो. तो घेऊन गच्चीवर जा, कारण घरातील लोखंडी सळ्या दिशा बिघडवतात. दुपारी आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावा आणि संच सावकाश फिरवा. आतील फेराइटचा दांडा केंद्राच्या रोखाने आला की आवाज एकदम खाली जाईल. ही जागा इतकी अरुंद असते की बोटभर हलवले तरी निसटते. रात्री दूरचे एखादे केंद्र लावून तेच करा. आवाज पूर्ण मावळणार नाही, आणि ज्या जागी तो आत्ता सर्वांत कमी होता ती जागा थोड्या वेळाने सरकलेली आढळेल. ते कानाने एकदा अनुभवले की कोणते आकडे घालावेत हे आपले आपल्यालाच कळेल.


चारदिशा (औंध, पुणे)

जुनारेडिओ काकांच्या प्रतिसादानंतर एडीएफविषयी मी काही भर घालण्याची गरज नाही. चार मार्गांच्या रेडिओ रेंजवर मी स्वतः एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये काम केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

ही यंत्रणा अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस रुजली. तिथे कॉकपिटमध्ये पाहण्यासारखे काहीच नसते. सगळे कानावर चालते. जमिनीवरचे केंद्र आठच्या आकड्यासारख्या दोन आकृत्यांमध्ये आलटून पालटून प्रक्षेपण करते. एका जोडीच्या चतुर्थांशांत मोर्समधील ए, म्हणजे टिंब-रेघ, आणि दुसऱ्या जोडीत एन, म्हणजे रेघ-टिंब, प्रबळ असतो. दोन्ही अक्षरे एकमेकांच्या मोकळ्या जागेत तंतोतंत बसतात, त्यामुळे जिथे दोघांचे बळ सारखे असते तिथे एकच अखंड सूर ऐकू येतो आणि तोच मार्ग. खऱ्या उत्तरेची रेषा ज्या चतुर्थांशातून जाते त्याला एन देण्याचा संकेत होता. साधारण दर ३० सेकंदांनी केंद्राचे ओळखचिन्ह येते, आधी एका जोडीत आणि मग दुसरीत, त्यामुळे दोन ओळखचिन्हांपैकी कोणते मोठे ऐकू आले यावरूनही आपली बाजू कळते.

बहुतेक जण इथे एक चूक करतात आणि मीही केली होती. विमान मार्गाच्या अलीकडे आहे की पलीकडे हे तपासून मी ए, एन किंवा अखंड सूर अशा तीन ध्वनिफिती वाजवत होतो. ऐकताना ते लगेच खोटे वाटते. दोन्ही अक्षरे सतत वाजत ठेवा आणि एकाचे बळ कोनाच्या साइनने, दुसऱ्याचे कोसाइनने बदलू द्या. मार्गाची रुंदी सुमारे ३ अंश मानली जात असे; मार्गाच्या मध्यापासून दीड अंश बाजूला गेल्यावर दोन अक्षरांच्या बळातला फरक अर्ध्या डेसिबेलहूनही किंचित कमी येतो. म्हणजे ही ३ अंशांची रुंदी केंद्राने आखलेली नाही, ती माणसाच्या कानाच्या मर्यादेतून आलेली आहे. आपण गणित बरोबर केले तर ती वेगळी लिहावीच लागत नाही. अखंड सुराच्या मागे ए हळूच डोकावू लागतो, आपण दोन अंश डावीकडे वळतो, पाच-सहा सेकंद श्वास रोखून ऐकतो आणि तो पुन्हा सुरात विरघळतो. तीन ध्वनिफितींतून हे कधीच मिळणार नाही.

आवाजाच्या आपोआप नियंत्रणाविषयी एक सावधगिरी. ते चालू ठेवले तर केंद्र जवळ येताना वाढत जाणारा आवाज आणि केंद्राच्या थेट वर क्षणभर पसरणारी शांतता, या दोन्ही खुणा पुसल्या जातात. म्हणून आवाजाची मूठ वैमानिकाच्याच हाती द्या आणि ती वारंवार कमी करायला लावा.


दक्षिणायन (चिंचवड)

मूळ प्रश्नाच्या शेवटच्या भागावर माझे मत थोडे वेगळे आहे. डेक्का आणि ओमेगा याच कोडमध्ये बसवू नयेत. एडीएफ आणि रेडिओ रेंज दिशेवर चालतात. डेक्का, लोरान आणि ओमेगा अंतरांच्या फरकावर चालतात आणि त्यांची चूक निराळ्या जातीची असते. तिथे काटा भटकत नाही, मोजणी चुकते.

डेक्काचेच पाहा. एक मुख्य केंद्र आणि लाल, हिरवे व जांभळे अशी तीन दुय्यम केंद्रे. सगळ्यांच्या फ्रिक्वेन्सी सुमारे १४ किलोहर्ट्झच्या एका मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत, मुख्य ६ पट, लाल ८, हिरवे ९, जांभळे ५. संच फेजची तुलना करतो आणि डेकोमीटरचा, म्हणजे डेक्काच्या मापकाचा, काटा घड्याळासारखा फिरतो, एका फेरीला एक लेन, म्हणजे फेजच्या फरकाच्या एका पूर्ण चक्राएवढा पट्टा. दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर लाल लेन जेमतेम ४४० मीटर रुंद असते, हिरवी सुमारे ५९० आणि जांभळी सुमारे ३५०. म्हणजे लेनच्या आत अचूकता अप्रतिम, पण आपण कोणत्या लेनमध्ये आहोत हे संच मोजत मोजत लक्षात ठेवतो. वीजपुरवठा क्षणभर खंडित झाला किंवा रात्री परतलेल्या लहरीने गोंधळ केला, तर एक-दोन लेन निसटतात आणि त्यानंतर काटा तितक्याच नेटकेपणाने चुकीची जागा दाखवत राहतो. दिवसा सुमारे ४०० सागरी मैल असलेला पल्ला रात्री सुमारे २४० वर येई तो याच कारणाने.

तेव्हा अनुकरण करायचे ते या मोजणीचे. विमानाची खरी जागा घेऊन तिच्यातून दर क्षणी लेनचा क्रमांक काढला, तर लेन कधी निसटणारच नाही. मीटरचा आकडा स्वतंत्र साठवा, त्यात फक्त फेजमधील बदल मिळवत जा, आणि उड्डाणापूर्वी तो हाताने लावण्याची जबाबदारी वैमानिकावर टाका.

ओमेगाचेही तत्त्व हेच, फक्त लेन १०.२ किलोहर्ट्झवर सुमारे ८ सागरी मैलांची. आठ केंद्रांनी सारे जग व्यापले होते आणि १० सेकंदांच्या चक्रात ती आळीपाळीने बोलत. आपल्याला त्यांतले रेयुनियन बेटावरचे केंद्र जवळचे. लहर जमीन आणि आयनांबर यांच्या मधून जाते आणि परावर्तनाची उंची दिवसा सुमारे ७०, तर रात्री सुमारे ९० किलोमीटर असते, त्यामुळे लहरीच्या वाटेवरून दिवस-रात्रीची सीमा सरकताना फेज बदलत जाते. ही भरपाई आधी कोष्टकांवरून आणि पुढे संगणकाने केली जाई. ही सेवा ३० सप्टेंबर १९९७ रोजी बंद झाली, तेव्हा केंद्रांच्या जागा आपल्याला स्वतःच्या फाइलमध्येच द्याव्या लागतील.

भारताशी नाते जोडायचे असेल तर लोरान-सीची मुंबई साखळी घ्या. तिची ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा ही तिन्ही केंद्रे गुजरातेत होती आणि साखळीचा क्रमांक ६०४२ म्हणजे स्पंदसमूहांमधील ६०,४२० मायक्रोसेकंदांचे अंतर. परंतु ती १९४९ च्या डाकोटात शोभणार नाही, तिच्यासाठी वेगळे विमान हवे.


डाकोटा_४९ (कोथरूड, पुणे)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दक्षिणायन यांचे म्हणणे मान्य आहे. अंतरांच्या फरकावर चालणाऱ्या यंत्रणा मी वेगळ्या ठेवीन.

गच्चीवरचा प्रयोग मी सलग तीन रात्री केला. पहिल्या रात्री आवाज सर्वांत कमी होण्याची दिशा मी खडूने फरशीवर आखली आणि दहा मिनिटांनी पुन्हा आखली, तर दोन रेघांत सहज हाताच्या पंजाएवढे अंतर होते. त्या रेघा पाहून मी आधीचा सगळा कोड काढून टाकला आणि नव्याने लिहिला.

काल मे महिन्याची तारीख लावून रात्री दहाला मुंबईहून निघालो. घाटमाथा ओलांडेपर्यंत मागच्या बीकनचा काटा सरळ होता. औरंगाबादच्या पुढे नागपूर लावले, तर काटा नाकाच्या उजवीकडे १५ अंशांवर जाऊन इतका शांत बसला, की मी विमान वळवलेही. चार मिनिटांनी तो डावीकडे निघाला. मग लूपवर जाऊन हाताने दिशा शोधली. आवाज मावळण्याचा पट्टा जवळजवळ २० अंश रुंद होता, त्याचा मध्य धरला, पुन्हा पुन्हा घेतला, सरासरी काढली आणि घड्याळ व वाऱ्याच्या अंदाजावर पुढे गेलो. वर्धा नदी दिसली तेव्हा मी ठरलेल्या मार्गाच्या ११ मैल दक्षिणेला होतो. दोन वर्षांत पहिल्यांदाच नागपूरचे दिवे पाहून मला हायसे वाटले.

दोन अडचणी उरल्या आहेत. माझ्या संगणकावर सेकंदाला २५ फ्रेम मिळतात, मित्राच्या संगणकावर ६०, आणि त्याच्याकडे काटा स्पष्टपणे अधिक वेगाने भटकतो. दुसरे असे, की ओळखचिन्हाचा आवाज मी फक्त अंतरावरून ठरवला आहे, तो पुरेसा आहे का?


जुनारेडिओ (सहकारनगर, पुणे)

खडूच्या रेघांचे वाचून समाधान वाटले.

पहिली अडचण सोपी आहे. आपण प्रत्येक फ्रेमला ठरावीक हिस्सा पुढे सरकवत असणार. त्याऐवजी मागील फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजा, त्याला कालांकाने भागा आणि १ मधून ई चा तितका ऋण घात वजा करून जो हिस्सा येईल तो वापरा. यादृच्छिक धक्क्याचे बळही वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवा. मग २५ आणि ६० फ्रेममध्ये फरक दिसणार नाही. सिग्नल क्षीण असताना सर्व्होची गतीही कमी करा. त्या वेळी लूप दमल्यासारखा फिरत असे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. आवाज अंतरावरून ठरवू नका. काट्याचा कोन ज्या आकड्यांतून काढता, त्यांतूनच आवाजही काढा. जमिनीवरची लहर आणि परतलेल्या लहरीचा उभा भाग कधी एकमेकांना पूरक होतात, तेव्हा सूर वर येतो. कधी एकमेकांना खोडतात, तेव्हा सूर खोल जातो. उभा भाग खोडला गेला की आडवा भाग त्याच्या तुलनेत मोठा होतो, म्हणजे सूर खोल जातो नेमक्या त्याच वेळी काट्याची चूक सर्वाधिक असते. त्यामुळे सूर मंदावला असताना बेअरिंग लिहून घेऊ नये, तो पुन्हा भरून येईपर्यंत थांबावे. आपण कोडमध्ये दोन्ही एकाच जागेतून काढलेत, तर उडवणाऱ्याला हे कुणी सांगावे लागणार नाही. मार्गाबाहेरचे ते ११ मैलही बहुधा बरेच कमी होतील.